सुट्टीनं न भरून येणारा थकवा

मराठीत ऑटिझमबद्दल जे वाचायला मिळतं ते बहुतेक करून लहान मुलांच्या आईवडिलांसाठी असतं. ते हवंच. पण ती मुलं मोठी होतात, नोकरीला लागतात. आणि माझ्यासारख्या काहींना तर आपल्याला ऑटिझम आहे हे चाळिशीच्या तोंडावर कळतं, तेही अंगातलं सगळं बळ संपल्यावर. ते बळ कसं संपलं (त्याला ऑटिझममधला बर्नआउट म्हणतात, हे नंतर कळलं), मग कामाच्या ठिकाणी काय मागितलं आणि काय पदरात पडलं, हे सगळं लिहून ठेवते आहे. कुणाला कामावर सोयी मागणारं आपलं पत्र लिहायला बसताना उपयोगी पडावं एवढीच इच्छा.

मी औषधांच्या कारखान्यात क्वालिटी कंट्रोलला केमिस्ट आहे. घर ठाण्यात, नौपाड्यात. कारखाना नवी मुंबईत, टीटीसीच्या औद्योगिक पट्ट्यात. ठाण्याहून ट्रान्स हार्बरची गाडी, रबाळेला उतरून शेअर रिक्षा. बरीच वर्षं माझं काम ठरलेलं होतं: एचपीएलसीवर, म्हणजे औषधातले घटक वेगळे करून मोजणाऱ्या यंत्रावर, गोळ्यांचे नमुने चालवायचे, आलेखातले पीक म्हणजे उंचवटे तपासायचे, निकाल काढायचा. लोकांना कंटाळवाणं वाटेल, मला ते मनापासून आवडतं. सरळ रेषेत चाललेली बेसलाइन आणि ठरलेल्या मिनिटाला वर येणारा पीक बघताना मला आजही बरं वाटतं. कामात चुका नाहीत, नोंदी तेव्हाच्या तेव्हा, म्हणून ऑडिटला मलाच पुढे करायचे. आणि काम चांगलं म्हणून मला ग्रुप लीडर केलं.

तिथून सगळं बदललं. मशीनच्या खोलीतून मला मधल्या मोठ्या हॉलमध्ये आणून बसवलं. हाताखाली माणसं आली, त्यांच्या रजा, त्यांची भांडणं, त्यांची अप्रेझलं आली. प्रॉडक्शनचा फोन यायचा, 'तो बॅच आधी काढा.' दहा मिनिटांनी दुसरा फोन, 'तो राहू दे, हा घ्या.' लेखी काही नाही. शिफ्ट दर आठवड्याला फिरती. बाकीच्या ग्रुप लीडरांनाही त्रास व्हायचाच, पण ते घरी जाऊन जेवून झोपले की दुसऱ्या दिवशी ताजे असायचे. माझं तसं होत नव्हतं. कालचा दिवस आजच्या दिवसावर साचत जायचा.

आधी बोलणं गेलं. दिवसभर कामापुरतं बोलायचे आणि संध्याकाळी घरी आले की तोंडातून शब्द निघायचा नाही. रुसवा नव्हता, राग नव्हता. काय बोलायचं ते डोक्यात असायचं, ओठांपर्यंत यायचं नाही. मग आवाज सोसेनासे झाले. लॅबमध्ये सोनिकेटर असतो. काचेचे फ्लास्क पाण्यात ठेवून ध्वनिलहरींनी औषध विरघळवायचं यंत्र. त्याचा चिरका आवाज मी वर्षानुवर्षं ऐकत आले होते. आता तो सुरू झाला की दाढेत कळ गेल्यासारखं व्हायचं. घरी मिक्सर, कुकरची शिट्टी, शेजारच्यांचा ड्रिल, सगळ्याचं तेच.

सर्वात जास्त घाबरले ते क्रम हरवला तेव्हा. स्टँडर्ड सोल्युशन बनवायचं होतं. पावडर वजन करायची, फ्लास्कमध्ये घ्यायची, थोडं डायल्युएंट (विरघळवायचा द्रव) घालायचं, सोनिकेट करायचं, खोलीच्या तापमानाला येऊ द्यायचं, मग खुणेपर्यंत भरायचं. हे मी झोपेतही केलं असतं. त्या दिवशी फ्लास्क हातात धरून उभी राहिले आणि पुढची पायरी सुचेना. एसओपी, म्हणजे कामाची लेखी कार्यपद्धती, समोर उघडी होती. वाचता येत होती, शब्द न् शब्द कळत होता, पण वाचलेलं हातापर्यंत पोचत नव्हतं. शेजारच्या मुलीनं फ्लास्क माझ्या हातातून अलगद काढून घेतला आणि म्हणाली, 'मॅडम, तुम्ही बसा. हे मी करते.'

घरात हे सगळ्यांच्या आधी सासूबाईंनी ओळखलं. त्यांनी कुठलंही नाव दिलं नाही, उपदेश केला नाही. त्यांनी तूरडाळ दुपारीच भिजत घालायला सुरुवात केली आणि वरण कुकरऐवजी पातेल्यात शिजवू लागल्या, शिट्टी नको म्हणून. 'काय करू जेवायला?' असं विचारणं सोडून 'भात टाकू का?' असं विचारू लागल्या, म्हणजे मला मान हलवून भागेल. पुढे मानसतज्ज्ञांनी कागदावर लिहून दिलेल्या सूचनांमध्ये याच दोन गोष्टी होत्या. आवाज कमी करा, निवड कमी द्या.

डॉक्टरांकडे जाणं झालं. थायरॉइड, बी-१२, ड जीवनसत्त्व, सगळं तपासून झालं. ड कमी निघालं, ते भरून काढलं, फरक पडला नाही. मग मानसोपचारतज्ज्ञांनी नैराश्य सांगून गोळ्या सुरू केल्या. गोळ्यांनी झोप सुधारली, ते मी नाकारणार नाही. पण बरोबरचा सल्ला होता की घरात बसू नका, माणसांत मिसळा, स्वतःला गुंतवून ठेवा. मी तो इमानदारीनं पाळला. लग्नांना गेले, तलावपाळीला संध्याकाळच्या गर्दीत फिरायला गेले, आणि दर वेळी आणखी खाली गेले. इथे एक फरक सांगितला पाहिजे. नैराश्यात गोष्टींतला रस जातो असं म्हणतात. माझा रस गेला नव्हता. मला माझी एचपीएलसी हवी होती, वाचायची पुस्तकं हवी होती, फक्त तिथपर्यंत पोचायची ताकद नव्हती. दोन्ही एकाच वेळी असूही शकतं, त्यामुळे कुणी हे वाचून आपल्या मनानं गोळ्या थांबवू नयेत.

मग मोठी रजा घेतली. अंधाऱ्या खोलीत, कुणाशी न बोलता काही आठवडे काढले. हळूहळू शब्द परत आले. सगळ्यांना वाटलं, झालं, बरी झाली. कामावर रुजू झाले आणि त्याच हॉलमध्ये, त्याच फोनांमध्ये, त्याच सोनिकेटरशेजारी बसून बघता बघता पुन्हा पहिल्याच जागी आले.

आमच्या क्षेत्रात एखाद्या नमुन्याचा निकाल मर्यादेबाहेर गेला तर तो पास होईपर्यंत पुन्हा पुन्हा चालवायची परवानगी नसते. अमेरिकेत १९९३ साली बार लॅबोरेटरीज या औषध कंपनीच्या खटल्यात न्यायालयानं त्यावर स्पष्ट बोट ठेवलं आणि तेव्हापासून जगभरच्या औषध कंपन्यांत आधी मूळ कारण शोधायचा दंडक पडला. यंत्र तपासा, काचसामान तपासा, पद्धत तपासा. मी स्वतःच्या बाबतीत मात्र फक्त पुन्हा चाचणी करत होते: रजा, रुजू, रजा, रुजू. कारण कुणीच शोधलं नव्हतं. हे मनात स्पष्ट झालं तेव्हा मी ठाण्यातल्या एका मानसतज्ज्ञ बाईंकडे गेले. त्या प्रौढांमधल्या ऑटिझमचं मूल्यमापन करतात असं एका मैत्रिणीनं सांगितलं होतं.

त्यांनी सुरुवात बालपणापासून केली. माझ्या आईला बोलावलं. आई सांगत गेली आणि मी ऐकत राहिले. फ्रॉकची शिवण टोचते म्हणून मी उलटा फ्रॉक घालून फिरायचे. लग्नघरी पंगत बसली की मी सामानाच्या खोलीत जाऊन बसायचे. पंचांगातली कोष्टकं मला पाठ होती. शाळेत हुशार, बाईंची लाडकी, पण मधल्या सुट्टीत एकटी. 'आम्ही समजलो अबोल आहे,' आई म्हणाली. प्रश्नावल्या झाल्या, मुलाखती झाल्या आणि अहवाल आला: ऑटिझम, आणि सध्या चाललंय तो ऑटिझममधला बर्नआउट.

या बर्नआउटवर २०२० साली अमेरिकेतल्या डोरा रेमेकर आणि सहकाऱ्यांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. डोरा रेमेकर स्वतः ऑटिस्टिक संशोधक आहेत आणि अभ्यासाचा आधार ऑटिझम असलेल्या प्रौढांनी सांगितलेले अनुभव आहेत. त्यात तीन गोष्टी एकत्र येतात: साधारण तीन महिने किंवा त्याहून जास्त टिकणारा थकवा, येत असलेली कौशल्यं हातची जाणं, आणि आवाज-उजेड-स्पर्श सोसण्याची ताकद घटणं. कारण म्हणून सांगितलंय ते असं, की माणसाकडून होणारी अपेक्षा आणि त्याची कुवत यांचा मेळ बसत नाही आणि आधारही पुरेसा मिळत नाही. डीएसएम-५ किंवा आयसीडी-११ या डॉक्टर निदानासाठी वापरतात त्या याद्यांमध्ये या नावाचं स्वतंत्र निदान नाही. आयसीडी-११ मधला बर्नआउट हा नोकरीतल्या ताणाबद्दलचा, वेगळा. त्यामुळे बऱ्याच डॉक्टरांच्या बोलण्यात हा शब्द येतच नाही. मला त्या व्याख्येतल्या दुसऱ्या मुद्द्यानं धीर दिला. फ्लास्क हातात धरून उभी राहिले होते त्याला नाव होतं, आणि गेलेलं परत येतं असं बाईंनी सांगितलं.

आता पुढचा भाग, ज्यासाठी खरं तर लिहायला बसले.

बाईंनी मला एक वही करायला सांगितली. काम, ठिकाण, आवाज, माणसं, आणि त्यानंतर मी किती शिल्लक उरले. लॉगबुक लिहायची सवय असल्यानं हे मला जमलं. काही आठवड्यांत जे दिसलं त्यानं मीच चकित झाले. मला वाटत होतं, काम जास्त आहे. वहीत दिसत होतं की प्रत्यक्ष विश्लेषणाचं काम मला थकवतच नाही, उलट त्या दिवशी संध्याकाळी मी बोलू शकते. थकवा येत होता तो तोंडी बदललेल्या क्रमाचा, सोनिकेटरचा, कॅन्टीनमधल्या स्टीलच्या ताटांचा, फिरत्या शिफ्टचा आणि माणसं सांभाळण्याचा. आणि आणखी एका गोष्टीचा, जी आधी कधी मोजली नव्हती: दिवसभर सहज असल्यासारखं दिसण्याचा. समोरच्याच्या डोळ्यांत किती वेळ बघायचं, कधी हसायचं, 'काय मग, काय विशेष?' याला काय उत्तर द्यायचं, हे मी प्रत्येक वेळी ठरवून करते. त्याला मास्किंग म्हणतात.

त्या वहीवरून पत्र तयार झालं. पत्रात माझ्या आजाराची कहाणी नव्हती. प्रत्येक मागणीत चार गोष्टी होत्या: अडचण काय, बदल काय हवा, तो कुणी करायचा, आणि त्यानं काम कसं सुधारेल. उदाहरणार्थ, नमुन्यांचा प्राधान्यक्रम सकाळी लेखी मिळावा. मध्ये बदल झाला तर तोही लेखी, बदल करणाऱ्याच्या नावासह. सोनिकेटर शेजारच्या वॉशिंगच्या खोलीत हलवावा. शिफ्ट कायम पहिली असावी. मीटिंगचे मुद्दे आदल्या दिवशी मिळावेत आणि मला लेखी उत्तर द्यायची मुभा असावी. इअरप्लग वापरू द्यावेत. धोक्याचा भोंगा त्यातून ऐकू येतो का ते सेफ्टी ऑफिसरनं तपासावं. जेवण ट्रेनिंग रूममध्ये. ग्रुप लीडरपद काढून डेटा रिव्ह्यूचं, म्हणजे चाचण्यांच्या नोंदी तपासायचं, काम द्यावं, पण ग्रेड आणि पगार तोच राहावा. आणि पहिले काही आठवडे अर्धा दिवस.

पत्राबरोबर कायदाही वाचून ठेवला होता. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये २१ प्रकारचं दिव्यांगत्व आहे आणि ऑटिझम, म्हणजे सरकारी भाषेत स्वमग्नता, त्यात आहे. पण खासगी नोकरीत असणाऱ्यांनी एक गोष्ट नीट समजून घ्यावी. कलम २० मध्ये कर्मचाऱ्याला वाजवी सोयी द्यायचं बंधन सरकारी आस्थापनांवर घातलं आहे. खासगी कंपनीला थेट लागू होतं ते कलम २१: प्रत्येक आस्थापनेनं समान संधी धोरण जाहीर करायचं. २० किंवा जास्त कर्मचारी असलेल्या खासगी आस्थापनेनं त्या धोरणात दिव्यांग कर्मचाऱ्यांसाठीच्या सोयी आणि संपर्क अधिकाऱ्याची नेमणूक लिहायची, असं २०१७च्या नियमांत आहे. आमच्या कंपनीचं धोरण होतं. त्यात रॅम्प होता, व्हीलचेअरसाठी स्वच्छतागृह होतं. आवाज, लेखी सूचना, वेळ, यातलं काहीच नव्हतं.

मीटिंगला एचआरच्या मॅडम आणि आमचे लॅबप्रमुख होते. मी नवऱ्याला बाहेर थांबवलं होतं, शब्द अडले तर असावा म्हणून, आणि बोलायचं सगळं छापून नेलं होतं. सर वाचून म्हणाले, 'पण तू तर ऑडिटला सगळ्यांत छान बोलतेस.' त्यांच्या आवाजात शंका नव्हती, ते खरंच गोंधळले होते. मी त्यांना सांगितलं की ऑडिटर विचारू शकेल असे सगळे प्रश्न मी लिहून काढते, उत्तरं मोठ्यानं म्हणून पाठ करते, आणि ऑडिट झाल्यावर दोन-तीन दिवस घरी माझ्या तोंडातून शब्द निघत नाही. सर बराच वेळ कागदाकडे बघत राहिले. मग म्हणाले, 'हे आधी कधी बोलली नाहीस.' बोलले नाही कारण मलाच माहीत नव्हतं.

एचआरच्या मॅडमचं म्हणणं होतं, आधी दिव्यांग प्रमाणपत्र आणा. इथे मी माझ्या कागदातला एक मुद्दा वाचून दाखवला. विकाश कुमार विरुद्ध यूपीएससी या २०२१च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं आहे की वाजवी सोयी फक्त ४० टक्के किंवा त्यावर दिव्यांगत्व असलेल्यांपुरत्या मर्यादित नाहीत. तो निकाल परीक्षेत लेखनिक मिळण्याबद्दलचा होता, आमच्या कारखान्याबद्दलचा नाही, हेही मी सांगितलं. मॅडमनी तो वरच्या लोकांना पाठवला. 'उद्या सगळेच मागतील,' ही भीतीही त्यांनी बोलून दाखवली. मला तो प्रश्न रास्त वाटला. मी म्हटलं, मागू द्या, कारण यातल्या बहुतेक गोष्टींना पैसे लागत नाहीत.

सगळं मिळालं नाही. डेटा रिव्ह्यू घरून करायची विनंती मी नंतर जोडली होती, ती डेटाच्या सुरक्षिततेचं कारण देऊन नाकारली. ग्रेड तोच राहिला, पण ग्रुप लीडरचा भत्ता गेला. हे मला अन्यायाचं वाटतं आणि मी तसं लेखी कळवलं आहे. बाकीचं मिळालं. सोनिकेटर हलवायला प्लंबर आणि इलेक्ट्रिशियन यांचं एका दुपारचं काम लागलं. लेखी प्राधान्यक्रमाचा तक्ता आता अख्खी लॅब वापरते; प्रॉडक्शनचे लोक त्यात आपलं नाव घालताना दोनदा विचार करतात, त्यामुळे 'अर्जंट' नमुने बरेच कमी झाले.

प्रमाणपत्राचं काम मी समांतर सुरू ठेवलं. यूडीआयडीच्या, म्हणजे दिव्यांगांच्या सरकारी ओळखपत्राच्या, पोर्टलवर अर्ज, मग सरकारी रुग्णालयात बोर्डासमोर तपासणी. बाकावर सगळ्या आया आणि त्यांची मुलं. खिडकीवरच्या ताईंनी फाइल घेतली आणि विचारलं, 'पेशंट कुठे आहे?' मी म्हटलं, मीच. त्यांनी मान वर करून बघितलं, आणि मग फार प्रेमानं मला आतल्या शांत बाकावर बसवलं. ऑटिझमसाठी आयएसएए ही भारतीय मोजपट्टी वापरतात. तिच्यात ४० मुद्दे, प्रत्येकाला १ ते ५ गुण, आणि ७०च्या खाली ऑटिझम धरत नाहीत. पण बरेचसे मुद्दे लहान मूल डोळ्यांसमोर ठेवून लिहिल्यासारखे आहेत. जन्मभर सगळं झाकायला शिकलेली प्रौढ बाई त्यात सहज निसटू शकते. म्हणून बाईंचा अहवाल, आईचं लेखी निवेदन आणि माझी वही, तिन्ही बरोबर नेली होती. तपासणाऱ्यांनी वही चाळली, आणि तुम्ही काय काय झाकून ठेवता असं मला विचारलं. त्या प्रश्नानं माझं काम सोपं झालं. प्रमाणपत्र ४० टक्क्यांवर आलं. त्यावर आयकरात ७५,००० रुपयांची वजावट मिळते, पण फक्त जुनी करप्रणाली निवडली तर. तेवढं गणित करून घ्यावं.

आज मी पूर्ण दिवस काम करते. पहाटेच्या गाडीला गर्दी कमी असते, खिडकी मिळते. संध्याकाळी बहुतेक दिवस बोलता येतं. एका वेळी दोन माणसं बोलू लागली की अजून कोलमडते, आणि लग्नांना जाणं मी सध्या बंदच ठेवलं आहे; नातेवाइकांना नवरा समजावतो. बरं व्हायला रजेपेक्षा कितीतरी जास्त वेळ लागला आणि तो कामावर असतानाच, बदललेल्या कामावर असताना, गेला. पूर्वीइतकी आवाज सोसायची ताकद परत येईल का, असं मी बाईंना विचारलं होतं. त्या म्हणाल्या, पूर्वीइतकं सोसायचं हे ध्येय कशाला?

पत्रात शेवटी एक ओळ होती, ती बाईंच्या आग्रहावरून घातली होती: वरिष्ठ बदलले तरी ही व्यवस्था कायम राहील आणि दर वर्षी दोघांच्या सह्यांनी तपासली जाईल. तेव्हा ती उगाच वाटली होती. पुढच्या महिन्यात आमचे लॅबप्रमुख दुसऱ्या युनिटला चाललेत. नव्या साहेबांबरोबरची मीटिंग एचआरनं लावली आहे, पत्राची प्रत त्यांना पोचली आहे, आणि मीटिंगचे मुद्दे काल संध्याकाळीच माझ्या मेलवर आले.